एकच साइडिंग, चार व्यापारी : आठ फुटी लेआउटवर मालधक्का कसा बसवावा?

रूळवेडा_शाहूपुरी | ८ नोव्हेंबर, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. मी कोल्हापूरचा, उद्यमनगरात पॅटर्नमेकर आहे. फौंड्रीत कास्टिंग ओतण्याआधी जो लाकडी नमुना लागतो, तो करायचं माझं काम. त्यामुळे पटाशी, मापं, लाकडाचा स्वभाव हे सगळं हातातलं. रेल्वेचं वेड मात्र शाळेपासूनचं. घरी भिंतीला आठ फूट लांब आणि दीड फूट रुंद फळी ठोकली आहे, तिच्यावर एचओ स्केलचा, म्हणजे १:८७ चा मॉडेल रेल्वेचा लेआउट उभा करतोय.

विषय आपल्याच लाईनचा घेतलाय. मिरज-कोल्हापूर रेल्वे १८९१ साली सुरू झाली ती मीटर गेजवर, कोल्हापूर संस्थानाच्या पुढाकाराने. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला ती ब्रॉड गेज झाली. मी साधारण १९७५ चा काळ धरलाय. रुकडी आणि हातकणंगले यांच्या मधलं एक कल्पित स्टेशन, एक मेन लाईन, एक सांधा (गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळवणारा), एक साइडिंग (माल भरा-उतरवायला बाजूला काढलेला रूळ). साइडिंगवर माल उतरवणारे-भरणारे चौघे : गुळाचा अडत्या, खत-सिमेंटवाला, फौंड्रीचा कोक (भट्टीत जाळायचा कोळसा) मागवणारा आणि रॉकेलचा टँकर.

प्रत्येकाला स्वतंत्र साइडिंग द्यायला जागा नाही, आणि मला द्यायचीही नाही. लहानपणी आजोबांबरोबर मालधक्क्यावर जायचो तेव्हा एकाच रुळावर चार जणांच्या वाघिणी, म्हणजे मालाचे डबे, ओळीने उभ्या असायच्या आणि प्रत्येकाची माणसं आपापल्या वाघिणीपाशी. मला ते हवंय. पण फळीवर मांडून बघितलं तर नुसत्या वाघिणी आत ढकलायच्या आणि बाहेर ओढायच्या, एवढंच होतं. पाच मिनिटांत खेळ संपतो. काय चुकतंय?

हातकणंगले_एचओ | ८ नोव्हेंबर, रात्री ११:०५

भावा, विषय लई भारी घेतलास. पण एका साइडिंगवर कशाला अडून बसलायस? दीड फूट रुंदी हाय की. चार सांधे टाक, चार साइडिंग काढ, प्रत्येकाला आपापली. आणि आजकालचा बॉक्सएन रेक (उघड्या वाघिणींची अख्खी मालगाडी) लाव, दिसायला जाळ.

रूळवेडा_शाहूपुरी | ९ नोव्हेंबर, सकाळी ७:१५

दादा, मापं काढूनच बसलोय. पेको कंपनीचा मध्यम त्रिज्येचा सांधा २१९ मिमी लांब. पुढे फाउलिंग मार्कपर्यंत, म्हणजे शेजारच्या रुळावरच्या गाडीला धक्का न लागता वाघीण उभी राहील तिथपर्यंत, अजून १७० मिमी जातात. हे मी दोन वाघिणी शेजारी-शेजारी सरकवून मोजलंय. चार सांधे एकापुढे एक टाकले की पाऊण मीटरच्या वर नुसते सांधेच. मग प्रत्येक साइडिंगमध्ये जेमतेम दोन-तीन वाघिणी मावतात, आणि सगळ्या फळीवर रूळच रूळ दिसतात. गाव कुठे दाखवू?

एकच साइडिंग ठेवली तर हिशोब असा : नेक (वाघिणी बाहेर ओढताना इंजिन जिथे येतं तो सांध्यापलीकडचा रूळ) ५०० मिमी, सांधा २१९, फाउलिंगपर्यंत १७०, आणि पुढे उभं करायला ९५०. झाले १८३९. फळी २४३८ ची. सहाशे मिमी झाडं, पाणंद आणि उसाच्या फडाला शिल्लक. माझी चार चाकी वाघीण कपलिंग धरून ९५ मिमी पडते, म्हणजे साइडिंगमध्ये दहा.

पुणेरी_गेज | ९ नोव्हेंबर, सकाळी ९:३०

बॉक्सएन रेकबद्दल आधी सांगतो. एक बॉक्सएन १०.७ मीटर लांब, एचओमध्ये सुमारे १२३ मिमी. अठ्ठावन्न वाघिणींचा रेक धरला तर इंजिन सोडून सात मीटरच्या वर, म्हणजे तेवीस फूट. आठ फुटी फळीवर त्याचं शेपूटसुद्धा मावणार नाही. आणि अख्खा रेक एकाच मालाचा, एकाच ठिकाणी रिकामा होणारा. त्यात वाटून घेण्यासारखं काही उरत नाही. ऐंशीच्या दशकापासून आपल्याकडे सुट्या वाघिणींची वाहतूक कमी होत गेली आणि पूर्ण रेकवर भर आला. त्यामुळे रूळवेडा यांनी १९७५ धरलंय ते अगदी योग्य आहे. सामाईक साइडिंगचा जीव सुट्या वाघिणीत आहे.

आता मूळ प्रश्न. तुमचं एकच चुकतंय : तुमच्या साइडिंगवर जागा आहे, पण ठिकाणं नाहीत. आत ढकललेली वाघीण कुठेही थांबली तरी तुम्हाला चालतंय. प्रत्यक्षात ते चालत नाही. बंद वाघिणीचं दार धक्क्याच्या फळीसमोरच यायला हवं. उघड्या वाघिणीसमोर माल टाकायला मोकळी जमीन हवी. साइडिंगच्या कडेला रंगाचे छोटे ठिपके काढा आणि नियम करा : गुळाची वाघीण या तीन ठिपक्यांवरच, कोकची त्या दोनवरच. लगेच फरक दिसेल.

अमेरिकेत अशा सामाईक रुळाला टीम ट्रॅक म्हणतात. टीम म्हणजे घोड्यांची किंवा खेचरांची जोडी. ज्याच्या कारखान्याला स्वतःची साइडिंग नाही त्याने गाडी जुंपून यायचं आणि या रुळावरून माल न्यायचा. आपल्या मालधक्क्यासमोर बैलगाड्यांची रांग लागायची, तेच. म्हणून तिकडचे हौशी लोक सांगतात की छोट्या लेआउटवर कारखान्यांची गर्दी करण्यापेक्षा एक टीम ट्रॅक द्या. तिथे कुठल्याही प्रकारची वाघीण आली तरी शोभते.

आणि इंग्लंडमधल्या ॲलन राइट यांची इंगलनूक मांडणी जरूर बघा. तीन रूळ, त्यांत अनुक्रमे पाच, तीन आणि तीन वाघिणी मावतात. वाघिणी एकूण आठ, आणि नेकमध्ये इंजिन अधिक तीन. आठांतून पाच चिठ्ठ्या काढायच्या आणि त्या क्रमाने गाडी जुळवायची. आठांतल्या पाचांचे क्रम होतात ६७२०. इतक्याशा रुळांवर माणूस वर्षानुवर्षं रमतो.

मालबाबू | ९ नोव्हेंबर, दुपारी ३:१०

मी १९७३ ला गुड्स क्लार्क म्हणून लागलो, ह्याच पट्ट्यात नोकरी झाली. धागा वाचून फार बरं वाटलं. काही गोष्टी सांगतो, उपयोग झाला तर बघ.

पहिली गोष्ट, तो रॉकेलचा टँकर काढून टाक. ज्वालाग्राही माल सगळ्यांच्या धक्क्यावर, कोकच्या आणि बिड्या ओढणाऱ्या हमालांच्या शेजारी कधी उभा करत नसत. त्याची जागा वेगळी, पाईप वेगळे, कुंपण वेगळं. टँकर दिसायला छान दिसतो हे मान्य, पण जाणता माणूस आला की पहिलं बोट तिथेच ठेवेल.

दुसरी, तुझी साइडिंग रेल्वेची आहे की खाजगी, हे आधी ठरव. रेल्वेचा मालधक्का असेल तर तो सगळ्यांचा. ज्याच्या हातात रेल्वे रसीद त्याला डिलिव्हरी. खाजगी साइडिंग असेल तर ती एका कारखान्याची, आणि दुसऱ्याला तिथे माल उतरवायचा असेल तर मालकाची संमती आणि रेल्वेची परवानगी लागते. त्याला को-यूजर म्हणतात. दोन्हींचं चित्र वेगळं. खाजगीला फाटक येतं, कारखान्याची भिंत येते, आणि पाहुण्याची वाघीण मालकाच्या कामाआड आली की रोजची कुरबुर. मालधक्क्याला कौलारू शेड, वजनाचा काटा, बाबूची खोली आणि सगळ्यांना खुला रस्ता.

तिसरी गोष्ट महत्त्वाची. वाघीण लागली की घड्याळ सुरू. ठरलेल्या तासांत रिकामी केली नाही तर डेमरेज. माल उतरवून धक्क्यावरच ठेवला, उचलला नाही, तर व्हार्फेज. त्यामुळे व्यापारी बाबूच्या मागे लागायचा की माझी वाघीण आधी लावा. आणि वाघीण निम्मी भरलेली असताना तिला हलवायचं म्हणजे आधी हमालांना खाली उतरवायचं, फळी काढायची, दार लावायचं, मग इंजिन जोडायचं. काम झालं की ती त्याच जागी परत आणून द्यायची. नाहीतर बाहेर काढलेले गुळाचे रवे (ढेपा) इकडे आणि दार तिकडे. ही परत लावून देण्याची सक्ती तुझ्या खेळात घाल. सगळं शंटिंग, म्हणजे वाघिणींची हलवाहलव, तिथेच आहे.

रूळवेडा_शाहूपुरी | ९ नोव्हेंबर, रात्री ९:५०

काका, तुमचे शब्द वाचताना आजोबांचा आवाज ऐकू आल्यासारखं झालं. टँकर काढला. मालधक्का रेल्वेचाच ठेवतो.

पुणेरी_गेज, तुमचे ठिपके आजच काढले. सात ठिकाणं झाली : गूळ तीन, खत-सिमेंट दोन, कोक दोन. दहांच्या साइडिंगमध्ये तीन जागा मोकळ्या. आता प्रश्न क्रमाचा. सांध्याकडे, म्हणजे तोंडाशी कोण आणि बफरकडे, म्हणजे तळाशी कोण?

पुणेरी_गेज | ९ नोव्हेंबर, रात्री १०:२०

जो रोज हलतो तो तोंडाशी, जो कमी हलतो तो तळाशी. साधा नियम. गूळ तोंडाशी, कोक तळाशी.

हातकणंगले_एचओ | ९ नोव्हेंबर, रात्री १०:३५

उलटं कर. रोजचा तळाशी टाक, म्हंजे रोज बाकीच्यांना हलवायला लागंल. खेळच पायजे न्हवं?

पुणेरी_गेज | ९ नोव्हेंबर, रात्री १०:५०

खेळ हवा, पण खरा वाटेल असा हवा. कुठलाही स्टेशन मास्तर जाणूनबुजून कामाची जागा तळाशी ठेवणार नाही. अमेरिकन हौशी जॉन ॲलन यांचं टाइमसेव्हर हे शंटिंगचं कोडं प्रसिद्ध आहे, त्यात रूळ मुद्दाम अडचणीचे केलेत. कोडं म्हणून उत्तम, पण ते बघताना रेल्वे आठवत नाही. अडचण परिस्थितीतून यावी.

गूळगल्ली | १० नोव्हेंबर, सकाळी ११:००

मी फारशी लिहीत नाही, वाचत असते. आमची तीन पिढ्यांची अडत आहे. शाहू महाराजांनी १८९५ साली शाहूपुरी पेठ वसवली ती गुळाच्या व्यापारासाठीच. आमच्या लाईनवर गूळ मार्केट नावाचं स्टेशन आहे, यावरूनच या मालाचं वजन कळावं.

क्रम ठरवताना मालाचा स्वभाव बघा. गूळ पाणी ओढतो आणि वास धरतो. खताशेजारी ठेवलेला गूळ कोणी घेणार नाही, कोकची भुकटी बसलेला तर नाहीच. गुजरातचा व्यापारी रव्याचा रंग बघून भाव करतो. आधी चाकूने टवका काढून हातात घेतो, मग बोलतो. तेव्हा गूळ आणि खत यांच्यात निदान एका वाघिणीची मोकळी जागा सोडा. कोक शक्य तितका लांब.

वाघीण भरण्याआधी हमाल ती आतून झाडून घ्यायचे, तळाला पाचट किंवा चटई पसरायचे. तीस किलोचा रवा, बारदानात शिवलेला. एका चार चाकी वाघिणीत वीस-बावीस टन म्हणजे सातशेच्या घरात रवे. ते भरायला वेळ लागतो. दुपारी एकदा गाडी शंटिंगला आली की सगळं थांबायचं, हमाल शेडच्या सावलीत बसायचे, आणि माझे वडील हातात घड्याळ धरून उभे.

आणि एक. गूळ बारा महिने नसतो. हंगाम दसऱ्या-दिवाळीपासून सुरू होतो, होळीनंतर उतरणीला लागतो. पावसाळ्यात गुऱ्हाळं थंड असतात.

रूळवेडा_शाहूपुरी | १० नोव्हेंबर, रात्री ११:४५

ताई, तुमच्या शेवटच्या दोन वाक्यांवर मी आज दिवसभर विचार करत होतो. रंधा मारतानासुद्धा तेच डोक्यात.

मी साइडिंग नुसती लांबीत वाटत होतो. ती वर्षातही वाटलेली आहे. कार्तिकात गुळाच्या तिन्ही जागा भरलेल्या, आणि त्या तोंडाशी असल्यामुळे तळाच्या कोकपर्यंत पोचायला गूळ बाहेर काढावाच लागणार. फौंड्रीची भट्टी तर बारा महिने पेटती, तिला कोक थांबवून चालत नाही. मी स्वतः बघतो ना, कोक संपला की सगळी शॉप हात बांधून बसते. म्हणजे हंगामात दोघांची ओढाताण अटळ. ती मुद्दाम रचायची गरजच नाही.

मग मृग जवळ आला की चित्र पालटतं. गुळाच्या जागा मोकळ्या, खरिपाच्या खताच्या वाघिणी एकामागून एक, आणि तोंड मोकळं असल्याने इंजिन सरळ आत. तोच रूळ, तेच ठिपके, पण काम वेगळं. शंटिंग सोपं होतं आणि घाई वाढते, कारण पेरणी थांबत नाही आणि पावसात सिमेंटचं पोतं धक्क्यावर ठेवता येत नाही.

म्हणजे पुणेरी_गेज यांचा क्रमच बरोबर : तोंडाशी गूळ तीन, मग एक जागा रिकामी आणि तिच्यासमोर काट्याची खोली, मग खत-सिमेंट दोन, पुढे दोन मोकळ्या जागा, आणि तळाशी कोक दोन. धक्काही दोन भागांत करतोय. तोंडाकडचा अर्धा उंच, वाघिणीच्या तळाला लागेल असा. साधारण एक मीटर उंची म्हणजे एचओत १२ मिमी, आणि घरात नेमकी १२ मिमीची प्लाय आहे. तळाकडच्या अर्ध्याला धक्काच नाही, सपाट काळी जमीन. कोक वरून फावड्याने ओढून खाली टाकायचा, पाट्यांनी ट्रकमध्ये भरायचा.

मालबाबू | ११ नोव्हेंबर, सकाळी ८:२०

आता जमलं. एक सांगतो, साइडिंगच्या तोंडाशी ट्रॅप पॉइंट दाखव. उतारावर हँडब्रेक ढिला राहिलेली वाघीण आपसूक मेन लाईनवर येऊ नये म्हणून तो असतो. खराखुरा चालता नको, नुसती दोन पात्यांची आकृती रुळाशेजारी चिकटवलीस तरी पुरे. आणि प्रत्येक वाघिणीच्या कुशीला लेबल अडकवायची क्लिप असायची. कुठून, कुठे, काय माल, ते कागदावर लिहिलेलं. दाराला सील. रात्री कंदील धरून आम्ही तेच वाचत रांगेने चालायचो. नंबर वहीत उतरवायचा आणि पुढची.

पुणेरी_गेज | ११ नोव्हेंबर, सकाळी १०:००

काकांनी लेबल म्हटलंय तेच खेळात वापरता येतं. प्रत्येक वाघिणीचं एक कार्ड करा, त्यावर नंबर आणि प्रकार. कार्डाला खिसा. खिशात एक चिठ्ठी, तिच्या चारही कडांवर एकेक मुक्काम लिहिलेला. मुक्काम पूर्ण झाला की चिठ्ठी फिरवायची. उदाहरणार्थ : रिकामी येते, गुळाच्या दोन नंबरवर लागते, भरून मिरजेकडे, तिथून परत रिकामी, मग सिमेंट घेऊन खताच्या एक नंबरवर. अमेरिकन हौशी मंडळी ही पद्धत गेली कित्येक दशकं वापरतात, आणि आपल्या वॅगन लेबलशी ती सहज जुळते.

हंगामाचं तुमचं जे सुचणं आहे त्यासाठी चिठ्ठ्यांचे दोन संच करा. एक कार्तिकाचा, एक ज्येष्ठाचा. कार्डं तीच.

डेमरेजसाठी फासा. प्रत्येक फेरीला आत उभ्या असलेल्या प्रत्येक वाघिणीसाठी फासा टाका. एक-दोन पडले तर अजून निम्मीच; ती हलवलीत तर त्याच ठिपक्यावर परत. तीन ते सहा पडले तर मोकळी, नेता येते.

हातकणंगले_एचओ | ११ नोव्हेंबर, दुपारी १:३०

मला एक कळंना झालंय. गाडी मिरजेकडनं आली, इंजिन पुढं. साइडिंगचं तोंड कुठल्या अंगाला ठेवायचं? चुकलं तर इंजिनच आत कोंडून बसंल.

पुणेरी_गेज | ११ नोव्हेंबर, दुपारी २:०५

फार योग्य प्रश्न, आणि एका सांध्याच्या लेआउटवर सगळं त्यावरच अवलंबून आहे. गाडी सांधा ओलांडून पुढे जाते आणि मग मागे रेटत साइडिंगमध्ये शिरते, असं तोंड हवं. त्यात इंजिन नेहमी बाहेरच्या बाजूला राहतं. तोंड उलटं असेल तर इंजिनाला गाडीच्या दुसऱ्या टोकाला न्यावं लागतं, त्यासाठी लूप लागतो, म्हणजे अजून दोन सांधे. म्हणून या स्टेशनवर फक्त मिरजेकडून येणाऱ्या गाडीने शंटिंग करायचं. इथून उचललेल्या वाघिणी आधी कोल्हापूरला जातील आणि तिथून परतीच्या गाडीला लागून मिरजेकडे. परतीची गाडी इथे न थांबता निघून जाईल. पुष्कळ ठिकाणी खरोखरच असं करतात.

रूळवेडा_शाहूपुरी | १६ नोव्हेंबर, रात्री ९:१५

पाच दिवस गप्प होतो, काम चालू होतं. रूळ बसले, तोंड मिरजेकडून येणाऱ्या गाडीच्या हिशोबाने. कार्डं लग्नपत्रिकांच्या जाड कागदाची केली, घरात ढीग होता. डब्ल्यूडीएम-२ या डिझेल इंजिनाचं खोकं थ्रीडी प्रिंट करून घेतलंय. मूळ इंजिन १७.१२ मीटर म्हणजे एचओत १९७ मिमी. तीन वाघिणी धरून ४८२. पाचशेचा नेक बरोबर पुरतो.

खडीचा एक अनुभव सांगतो, कोल्हापूर-सांगलीकडच्या मंडळींना उपयोगी पडेल. नदीची वाळू चाळून घेतली होती, रंग सुंदर, काळपट राखाडी. पसरण्याआधी सहज वर्कशॉपमधलं लोहचुंबक कागदात गुंडाळून तिच्यावरून फिरवलं, तर कागदाला काळ्या कणांची दाढी उगवली. आपल्याकडचा दगड काळा बसाल्ट, त्यात मॅग्नेटाइट असतं, ते वाळूत उतरतं. हे कण इंजिनाच्या मोटरमध्ये ओढले गेले की मोटर गेलीच म्हणून समजा. मग फौंड्रीतून ओंजळभर ताजी सिलिका वाळू आणली. भट्टीतून निघालेली वापरलेली नव्हे, तिच्यात लोखंडाचे बारीक मणी असतात. ती रंगवून घेतली, ब्रशने स्लीपरमध्ये लोटली, वर पाण्यात कालवलेला फेव्हिकॉल ड्रॉपरने सोडला. त्या पाण्यात भांड्यांच्या साबणाचा एक थेंब घालायचा, नाहीतर पाणी वाळूवर मोत्यासारखं उभं राहतं, आत मुरत नाही.

कोकच्या जागी मात्र खराच कोक कुटून टाकलाय. खलबत्त्यात कुटून चहाच्या गाळणीने गाळला. त्याची ती निळसर चमक रंगाने येत नाही.

गूळगल्ली | १६ नोव्हेंबर, रात्री ९:४०

आणि रवे?

रूळवेडा_शाहूपुरी | १६ नोव्हेंबर, रात्री १०:००

ताई, रवे मातीचे केले, चार मिमीचे, वरच्या बाजूला किंचित निमुळते. तळ गोल आणि पसरट ठेवलाय, बुट्टीतून काढल्यासारखा. सध्या चाळीस झालेत. धक्क्यावर दोन थप्प्या.

रूळवेडा_शाहूपुरी | २३ नोव्हेंबर, रात्री ११:५५

आज पहिली पूर्ण फेरी केली. हातकणंगले_एचओ आले होते, मालबाबू काकांना त्यांचा नातू घेऊन आला. कार्तिकाचा संच.

आत चार वाघिणी : तोंडाशी गूळ एक, भरून सील झालेली, न्यायची. गूळ दोन, फाशात एक पडला म्हणून निम्मी. गूळ तीन, नुकतीच लागलेली रिकामी. तळाशी कोकची रिकामी, न्यायची. मिरजेकडून आलेली गाडी : इंजिन, कोकच्या भरलेल्या दोन, गुळासाठी एक रिकामी, शेवटी गार्डची ब्रेकव्हॅन.

बघायला सोपं वाटलं. करायला घेतलं तेव्हा कळलं की तळाची कोकची रिकामी काढायला गुळाच्या तिन्ही बाहेर मेन लाईनवर, गाडीच्या डोक्याला लावाव्या लागतात. मग भरलेला कोक त्या तिघींच्या मागे अडकतो. नेकमध्ये फक्त तीन मावतात. दोनदा वाटलं की हे सुटणार नाही. शेवटी गुळाच्या वाघिणी तात्पुरत्या परत आत टाकल्या, त्यांच्यापुढे कोकच्या दोन्ही ठेवल्या, रिकामी बाहेर सोडली, कोक इंजिनाला धरून ठेवून त्याच्या टोकाने गुळाच्या एकेक करून बाहेर काढल्या, आणि मग कोक तळाला नेला. इंजिन बारा वेळा साइडिंगमध्ये शिरलं. कपलिंग सोडायला अगरबत्तीची काडी टोक करून वापरली, तीही एकदा मोडली.

निम्म्या भरलेल्या गूळ दोनला हात लावायची वेळ आली तेव्हा काका म्हणाले, "थांब." त्यांनी चिमट्याने धक्क्यावरची काडीएवढी फळी उचलली, बाजूला ठेवली. मग वाघिणीशेजारचे दोन हमाल उचलून शेडच्या सावलीत नेऊन बसवले. मग म्हणाले, "हां, आता घे इंजिन." पुढे जितक्या वेळा ती वाघीण परत तिच्या ठिपक्यावर आली, तितक्या वेळा त्यांनी फळी लावली. दार फळीसमोर दोन मिमी चुकलं तर मला पुन्हा रेटायला लावलं.

पाऊण तास गेला. कोणी चहाला हात लावला नव्हता.

हातकणंगले_एचओ | २४ नोव्हेंबर, सकाळी ८:१०

मी चार साइडिंग टाक म्हटलं हुतं ते मागं घेतो. पुढच्या रविवारी ज्येष्ठाचा संच लावूया. खताच्या चिठ्ठ्या मी लिहून आणतो.

मालबाबू | २४ नोव्हेंबर, सकाळी १०:३०

काल घरी आल्यावर जुन्या पेटीतून एक वॅगन लेबल शोधून काढलं. कोरं आहे, पिवळं पडलंय. रविवारी घेऊन येतो. त्याच्यावरून माप घेऊन छोटी लेबलं कर, आणि माझ्या अक्षरात भरायची असतील तर पेन बारीक टोकाचं आणून ठेव.

गूळगल्ली | २४ नोव्हेंबर, दुपारी १२:१५

रविवारी मीही येते. वडिलांना घेऊन. ते आता फारसे बाहेर पडत नाहीत, पण धक्क्याचा फोटो दाखवला तर त्यांनी विचारलं, गूळ दोन कोणाची भरत होती.